किरणांना माप देणारा रोल्फ सीव्हर्ट

या अंकासाठी प्रत्येकाने एकेक चरित्र लिहायचं असं मंडळात ठरलं, तेव्हा बहुतेकांनी कवी आणि कादंबरीकार उचलले. मी निवडलेल्या माणसाचं नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, पण माणसाचं नाव म्हणून कधी ऐकलं नसेल. 2011 साली जपानमध्ये फुकुशिमाचा अपघात झाला, त्यानंतर पेपरात रोज मिलिसीव्हर्ट, मायक्रोसीव्हर्ट असे आकडे येत होते. सीटी स्कॅन करायच्या आधी गूगल केलं तरी हाच शब्द भेटतो. किलो, मीटर, लिटर यांच्यासारखंच हे एक माप असेल असं समजून आपण पुढे जातो. ते एका स्वीडिश माणसाचं आडनाव आहे. रोल्फ मॅक्सिमिलियन सीव्हर्ट.

साहित्याची विद्यार्थिनी असून मी भौतिकशास्त्रज्ञाच्या वाटेला का गेले, ते पुढे कळेल. एवढंच सांगते की या माणसाच्या आयुष्यात शोधाचा तो मोठा क्षण वगैरे काही नाही. त्याने नवीन किरण शोधला नाही, त्याला नोबेल मिळालं नाही. दुसऱ्यांनी शोधलेल्या गोष्टी किती आहेत ते तो आयुष्यभर मोजत बसला. आणि त्या मोजण्यातूनच एका देशाचा कायदा उभा राहिला.

सीव्हर्टचा जन्म 6 मे 1896 चा, स्टॉकहोममधला. तारीख नीट बघा. सहाच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर 1895 मध्ये, जर्मनीत रॉंटगेनला एक्स-रे सापडले होते, आणि दोनच महिन्यांपूर्वी पॅरिसमध्ये बेकरेलला युरेनियममधून आपोआप बाहेर पडणारे किरण दिसले होते. म्हणजे हा पोरगा आणि ते किरण अगदी एका वयाचे. वडील मॅक्स सीव्हर्ट मूळचे जर्मनीतले. ते स्वीडनमध्ये येऊन स्थायिक झाले आणि स्टॉकहोमला लागून असलेल्या सुंडबीबेरी गावात त्यांनी केबलचा कारखाना काढला. वीज घरोघरी पोचण्याचा तो काळ, त्यामुळे केबलला मरण नव्हतं. कारखाना वाढला, पैसा आला. 1913 मध्ये वडील वारले, तेव्हा रोल्फ सतरा वर्षांचा होता.

एखादा दुसरा असता तर कारखान्याच्या गादीवर बसला असता. हा मात्र आधी वैद्यकशास्त्राकडे गेला, ते सोडून इंजिनिअरिंग शिकायला गेला, आणि शेवटी भौतिकशास्त्रात स्थिरावला. कारोलिन्स्का, स्टॉकहोमची तांत्रिक संस्था, उप्साला, असा त्याचा प्रवास झाला. आपल्याकडे अशा मुलाला घरचे लोक धरसोड्या म्हणतील. पण पुढे त्याला जे काम करायचं होतं त्याला डॉक्टरांची भाषा, विजेच्या यंत्रांची भाषा आणि भौतिकशास्त्राची भाषा, तिन्ही लागणार होत्या. आणि तिन्ही थोड्याथोड्या येणारा माणूस त्या काळात सहजासहजी सापडत नव्हता.

तो काळ काय होता हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं कोरडं वाटेल.

एक्स-रे सापडल्यावर वर्षभरात ते जगभरच्या दवाखान्यांत पोचले. मोडलेलं हाड, घुसलेली गोळी, गिळलेलं नाणं, सगळं दिसायला लागलं. यंत्र चालू आहे की नाही, किरण पुरेसे जोरात आहेत की नाही हे बघायला डॉक्टर आणि सहायक स्वतःचाच हात मध्ये धरायचे आणि पडद्यावर हाडं नीट दिसतात का ते बघायचे. दिवसातून कितीतरी वेळा. आधी कातडी लाल व्हायची, मग नखं जायची, मग जखमा भरायच्या नाहीत, मग बोटं कापावी लागायची. एडिसनच्या प्रयोगशाळेतला क्लॅरेन्स डॅली अशाच कामातून कॅन्सर होऊन 1904 मध्ये गेला. हात कापूनही वाचला नाही. तो एकटा नव्हता. 1936 साली जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका रुग्णालयाच्या आवारात एक्स-रे आणि रेडियमच्या कामात मेलेल्या डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञांचं स्मारक उभारलं, तेव्हाच त्यावर 169 नावं होती. नंतर ती वाढतच गेली.

आणि रुग्णाला डोस किती द्यायचा हे कसं ठरवायचं? त्याच्याच कातडीवरून. कातडी लाल होईल इतकी मात्रा म्हणजे एक माप. मला हे वाचून अंगावर काटा आला. एखाद्या दुकानात तराजूऐवजी गिऱ्हाईकाच्या पाठीवर गोणी ठेवून तो कधी वाकतो ते बघावं, तसं. शिवाय गोऱ्या माणसाची कातडी वेगळी, सावळ्याची वेगळी, म्हाताऱ्याची वेगळी. एका शहरातल्या दवाखान्यात जो डोस म्हणजे औषध, तोच त्याच नावाने दुसऱ्या शहरात दिला की भाजून निघायचं. चूक कोणाची म्हणायची? माप नसेल तर चूकही सिद्ध करता येत नाही.

स्टॉकहोममध्ये 1910 पासून कॅन्सरवर रेडियमने उपचार करणारी एक संस्था होती, रेडियमहेमेट. म्हणजे शब्दशः रेडियमचं घर. यॉस्टा फॉर्सेल हे डॉक्टर तिचे प्रमुख. 1920 च्या सुमारास सीव्हर्ट त्यांच्याकडे जाऊन पोचला आणि कामाला लागला. सुरुवातीला पगाराशिवाय. घरचा पैसा होता म्हणून जमलं, हे मान्य. पण घरचा पैसा असलेली पोरं काय काय करतात तेही आपण बघतोच. फॉर्सेलनाही दाद द्यायला हवी. डॉक्टरांच्या राज्यात एका भौतिकशास्त्राच्या पोराला खोली देणं तेव्हा सोपं नव्हतं. 1924 मध्ये सीव्हर्ट तिथल्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेचा प्रमुख झाला आणि 1937 पर्यंत राहिला.

त्याचं पहिलं नाव घेण्यासारखं काम 1921 चं. कॅन्सरच्या गाठीत किंवा गाठीजवळ रेडियमच्या बारीक नळ्या ठेवत. त्या नळीभोवती कुठल्या जागी किती किरण पोचतात याचं त्याने गणित मांडलं. ते सूत्र आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं. मला ते सूत्र कळत नाही, कळतं एवढंच की तोवर डॉक्टर अंदाजाने नळ्या ठेवत होते आणि यानंतर कागदावर हिशेब करून ठेवणं शक्य झालं.

मग त्याने मोजायच्या डब्या बनवल्या. लहानशा, हाताच्या चिमटीत मावतील अशा. डबीला आधी विजेचा भार द्यायचा, मग ती किरणांत ठेवायची. किरण आत शिरले की हवेतून वीज वाहू लागते आणि भार उतरतो. नंतर डबी काढून किती भार उरला ते बघायचं, त्यावरून किती किरण येऊन गेले ते कळतं. तार नको, मोठं यंत्र शेजारी नको. रुग्णाच्या अंगावर ठेवा, शरीराच्या पोकळीत ठेवा, नर्सच्या खिशात ठेवा. याच पद्धतीवर 1932 मध्ये त्याने उप्सालात डॉक्टरेटचा प्रबंध दिला. या डबीला सीव्हर्ट चेंबर म्हणतात.

पण मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग वेगळाच आहे. प्रयोगशाळेत बसून डब्या बनवून तो थांबला नाही. स्वीडन उत्तर-दक्षिण दीड हजार किलोमीटरपेक्षा लांब देश, हिवाळ्यात अर्धा बर्फाखाली. सीव्हर्ट आणि त्याच्या प्रयोगशाळेतली माणसं मोजायची उपकरणं बरोबर घेऊन गावोगावच्या दवाखान्यांत जायची. तिथलं एक्स-रे मशीन खरंच किती किरण सोडतंय, भिंतीपलीकडे किती जातायत, मशीन चालवणारी बाई जिथे उभी राहते तिथे किती पोचतायत, हे मोजायचं, सांगायचं, लिहून ठेवायचं. हे 1920 च्या दशकात सुरू झालं. कायदा यायला अजून पंधराएक वर्षं होती. कोणावर सक्ती करायचा अधिकार या लोकांना नव्हता. दवाखान्यांनी दार उघडलं ते मोजून घेणं त्यांनाही उपयोगाचं वाटलं म्हणून, असं मला वाटतं. डोस नीट बसला तर रुग्ण बरे होतात, एवढं तर प्रत्येक डॉक्टरला कळत होतं. सुरक्षितता त्या दारातून मागोमाग आत आली.

1925 मध्ये सीव्हर्टने एक प्रश्न विचारला जो आज साधा वाटतो: या कामात असलेल्या माणसाने वर्षभरात किती किरण घेतले तर चालेल? त्याचं उत्तर होतं, कातडी लाल करणाऱ्या मात्रेचा दहावा भाग, वर्षाला. गंमत म्हणजे अमेरिकेत मुटशेलर नावाच्या माणसाने वर्षभर आधी स्वतंत्रपणे जवळपास हाच आकडा काढला होता, महिन्याला शंभरावा भाग. दोघांनीही चांगले चालणारे दवाखाने बघितले, तिथे माणसांना काय होतंय ते बघितलं आणि आकडा काढला. आजच्या हिशेबाने ती मर्यादा फारच सैल होती. आज भारतात अशा कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे. तेव्हाचा आकडा ढोबळमानाने तिच्या तीसपट पडतो. तरीही आकडा नसण्यापेक्षा चुकीचा आकडा बरा, कारण चुकीचा आकडा पुढे कमी करता येतो. आणि तो होत गेला.

इथे आम्हा भाषावाल्यांसाठी एक गोष्ट आहे. त्या काळी या मर्यादेला जो शब्द वापरत त्याचा अर्थ होता सहन होणारी मात्रा. म्हणजे शरीराला चालतं, त्याखाली काही होत नाही. 1927 मध्ये मुलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं की एक्स-रेमुळे माश्यांच्या पुढच्या पिढ्यांत बदल होतात. हळूहळू शंका बळावत गेली की अमुक मात्रेखाली अगदीच काही होत नाही असं म्हणायला आधार नाही. मग 1950 च्या आसपास शब्दच बदलला. सहन होणारी गेलं, परवानगी असलेली आलं. वरवर एकच वाटतं. पण पहिल्या शब्दात जबाबदारी शरीरावर आहे: तुला सहन होतंय ना, मग कर काम. दुसऱ्या शब्दात परवानगी देणारा कोणीतरी आहे, आणि ज्याने परवानगी दिली त्याला जाब विचारता येतो. एका विशेषणात अख्खं सरकार येऊन बसलं.

परत 1928 कडे जाऊ. त्या वर्षी जगभरच्या क्ष-किरण तज्ज्ञांची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद स्टॉकहोमलाच भरली, फॉर्सेल तिचे अध्यक्ष. तिथे दोन गोष्टी झाल्या. एक, किरण मोजायला रॉंटगेन हे एकक सगळ्यांनी मान्य केलं. कातडीवरून मोजायचे दिवस संपायला लागले. दोन, किरणांपासून संरक्षण कसं करायचं हे ठरवायला एक आंतरराष्ट्रीय समिती नेमली. तिचं अध्यक्षपद बत्तीस वर्षांच्या सीव्हर्टकडे आलं, जरी बरंचसं लिखाणाचं काम इंग्लंडच्या जॉर्ज के यांनी ओढलं. आज जगभरातले देश आपापले नियम ज्या शिफारशींवरून करतात, त्या देणारी संस्था म्हणजे हीच समिती, नाव बदललेली.

त्यांच्या पहिल्या शिफारशी वाचायला मजा येते. शिशाचा पडदा किती जाड हवा वगैरे आहेच. पण त्याबरोबर हेही आहे की एक्स-रे आणि रेडियमचं काम करणाऱ्याने दिवसाला सात तासांपेक्षा जास्त काम करू नये, रविवार आणि आठवड्यात दोन अर्धे दिवस सुटी घ्यावी आणि ती शक्यतो मोकळ्या हवेत घालवावी, वर्षाला महिनाभर रजा असावी. आमच्या घरी रविवार म्हणजे सकाळची मिस्सा आणि दुपारचं जेवण, त्यामुळे रविवारच्या सुटीला शास्त्रज्ञांचाही पाठिंबा आहे हे वाचून मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. विनोद सोडला तर यामागे अडाणीपणाही आहे. मोकळी हवा किरणांचं नुकसान भरून काढत नाही. पण रजेवर असलेला माणूस मशीनजवळ नसतो, एवढं तरी होतंच.

या सगळ्या शिफारशी होत्या. मानल्या तर मानल्या. सीव्हर्टला हे पुरेसं वाटलं नाही. 1937 मध्ये तो कारोलिन्स्का संस्थेत गेला, तिथे किरणांच्या भौतिकशास्त्राचा नवा विभाग त्याच्या हाती आला. राजा गुस्ताव पाचवा याच्या सत्तराव्या वाढदिवसाला, 1928 मध्ये, लोकांनी जो निधी जमवला होता तो राजाने कॅन्सरच्या कामाला दिला होता, आणि रेडियमहेमेटची नवी इमारत त्यातून उभी राहिली. मग 1941 मध्ये स्वीडनने किरणांपासून संरक्षणाचा कायदा केला. सगळा युरोप महायुद्धात जळत होता, स्वीडन तटस्थ होता, आणि त्यांच्या संसदेत एक्स-रे मशीनवर चर्चा चालली होती! अशा प्रकारचा हा जगातल्या अगदी सुरुवातीच्या कायद्यांपैकी एक. त्याच वर्षी सीव्हर्ट प्राध्यापक झाला.

कायद्याचा गाभा अगदी सरकारी, रुक्ष आहे. एक्स-रे यंत्र किंवा किरणोत्सर्गी पदार्थ बाळगायचा तर परवाना घ्या. परवाना घेतला की तपासणी होईल. तपासणीचं काम सीव्हर्टच्या संस्थेकडे. एवढंच. पण या रुक्षपणाचा अर्थ बघा. परवाना म्हणजे देशात कुठल्या खोलीत कुठलं यंत्र आहे हे सरकारला माहीत असणं. जे माहीतच नाही ते तपासणार कसं? आणि सीव्हर्टची माणसं वीस वर्षं फिरलेली असल्यामुळे ती यादी, ते रस्ते, ते डॉक्टर त्यांच्या ओळखीचे होते. कायदा आला तेव्हा तो राबवणारी माणसं आधीच कामाला लागलेली होती. एक गोष्ट मात्र मला खटकते. जी संस्था संशोधन करते, सल्ला देते, विद्यार्थी घडवते, तीच तपासणारी. सीव्हर्टसारखा माणूस असेल तोवर ठीक. पण व्यवस्था एका माणसाच्या प्रामाणिकपणावर उभी करणं धोक्याचंच.

आपल्याकडे काय झालं ते इथे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आपल्याकडे 1962 मध्ये अणुऊर्जा कायदा झाला. त्याखाली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं ते 15 नोव्हेंबर 1983 ला, मुंबईत. दवाखान्यातल्या एक्स-रे मशीनपासून अणुभट्टीपर्यंत सगळं त्यांच्या देखरेखीखाली. नियम चांगले आहेत, ते सीव्हर्टच्या त्याच आंतरराष्ट्रीय समितीच्या शिफारशींवर आधारलेले. पण 2012 मध्ये देशाच्या महालेखापरीक्षकांनी हिशेब तपासला तेव्हा दिसलं की देशात 57,443 एक्स-रे केंद्रं चालू होती आणि त्यातली 5,270 फक्त मंडळाच्या नोंदीत होती. बाकीची 52,173, म्हणजे शंभरातली एक्क्याण्णव, नोंदणीशिवाय. त्यानंतर ऑनलाइन परवान्यांची सोय झाली आणि नोंदणी वाढली. पण तो आकडा वाचला तेव्हा मला माझी मावशी आठवली.

मावशी बेळगावकडे एक्स-रे टेक्निशियन आहे. आत्ताच्या दवाखान्यात तिच्या छातीवर बॅज असतो. दर तीन महिन्यांनी तो बदलतो, जुना प्रयोगशाळेत जातो आणि तिच्या नावापुढे आकडा लिहून येतो. आजवर तो नेहमी नगण्यच आलाय. पण तिची पहिली नोकरी एका छोट्या दवाखान्यात होती, नाव सांगत नाही. तिथे चार वर्षं बॅजच नव्हता. एप्रन एक होता, तोही भेगा पडलेला. लहान मूल हललं की आईबरोबर तीही मुलाला धरून उभी राहायची. मागणी केली की पुढच्या महिन्यात बघू. त्या चार वर्षांत तिला किती डोस मिळाला? कदाचित काहीच काळजीचा नसेल. मावशी ठणठणीत आहे. पण तिच्या आयुष्यातली ती चार वर्षं कुठल्याच कागदावर नाहीत, आणि आता जगातला कोणीही सीव्हर्ट ती मोजू शकत नाही. तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मीच उगाच विचारत बसले आणि तिथून हे चरित्र सुरू झालं.

युद्ध संपलं ते हिरोशिमा-नागासाकीने, आणि किरण हा दवाखान्यापुरता विषय राहिला नाही. बॉम्बच्या चाचण्या सुरू झाल्या, त्यांची धूळ जगभर पडू लागली. सगळ्यांना आता वाढलेला आकडा हवा होता. सीव्हर्टचं म्हणणं असं की वाढलं किती हे कळायला आधी किती होतं ते माहीत हवं. जमिनीतून, दगडातून, आकाशातून माणसावर कायमच किरण पडतात. ते किती? म्हणून त्याने स्वीडनभर निसर्गातले किरण मोजायला घेतले. देशात ठिकठिकाणी कायमची मोजणी केंद्रं बसवली. इतकंच नाही, माणसाच्या शरीरातून बाहेर पडणारे किरणही त्याने मोजले, खडकाच्या पोटातल्या खोलीत, जिथे बाहेरचे किरण कमी पोचतात. आपल्या अंगात पोटॅशियम असतं आणि त्याचा अगदी थोडा भाग किरणोत्सर्गी असतो. म्हणजे आपण प्रत्येकजण थोडेथोडे किरण सोडत असतो. केळी खाणाऱ्या गोवेकरांनी घाबरू नये.

1955 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करायला पंधरा देशांची शास्त्रीय समिती नेमली. स्वीडनतर्फे सीव्हर्ट, पुढे तो तिचा अध्यक्षही झाला. भारतही त्या पंधरांत होता आणि भारताच्या बाजूने बसत ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. मराठी माणूस, परळच्या कर्करोग संशोधन केंद्राचे प्रमुख, नंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. भारताकडे सांगण्यासारखं होतंही. केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूत थोरियम असतं, आणि तिथली माणसं पिढ्यानपिढ्या इतरांपेक्षा कितीतरी जास्त नैसर्गिक किरणांत राहत आली आहेत. अमेरिका आणि रशिया एकमेकांवर डोळे वटारत होते तेव्हा दोघांचे शास्त्रज्ञ या एका टेबलावर निदान आकड्यांवर तरी एकत्र बसत होते. 1958 मध्ये समितीचा पहिला अहवाल आला.

सीव्हर्टच्या या नैसर्गिक मोजणीतून एक अडचणीची गोष्ट बाहेर आली. स्वीडनमध्ये 1929 पासून एक हलकं, निळसर काँक्रीट बनत होतं. स्वस्त, उबदार, थंडीच्या देशाला एकदम सोयीचं. ते बनायचं एका प्रकारच्या शेल दगडापासून, आणि त्या दगडात युरेनियम असतं. सीव्हर्टचा सहकारी बेंग्ट हुल्टक्विस्ट याने 1956 मध्ये घराघरांत मोजून दाखवलं की अशा घरांत किरण जास्त आहेत आणि बंद खोल्यांत रेडॉन वायूही साठतो. आता काय करायचं? 1941 चा कायदा यंत्रांसाठी होता, परवाना घेऊन आणलेल्या पदार्थांसाठी होता. भिंतीला परवाना लागत नव्हता. घरं बांधायची घाई होती, लोकांना घरं हवी होती. ते काँक्रीट बनणं थांबलं ते 1975 मध्ये. मोजल्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी.

सीव्हर्ट तोवर नव्हता. 1965 मध्ये तो निवृत्त झाला आणि त्याच वर्षी त्याच्या संस्थेतून सरकारचं स्वतंत्र किरण-संरक्षण कार्यालय वेगळं काढलं गेलं. मघाशी जे मला खटकतं म्हटलं, त्याचं उत्तर स्वीडनने दिलं, पण त्याचा काळ संपल्यावर. 3 ऑक्टोबर 1966 ला स्टॉकहोममध्येच तो वारला, सत्तर वर्षांचा होऊन. ते कार्यालय 2008 मध्ये अणुभट्ट्यांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयात मिसळून आता एकच मोठी संस्था झाली आहे. त्याआधी, 1986 च्या एप्रिलमध्ये, फोर्समार्कच्या अणुवीज केंद्रात एका कामगाराच्या बुटांवर किरणोत्सर्गी धूळ सापडली. केंद्रात तर गळती नव्हती. देशभरच्या मोजण्या जुळवून बघितल्या, वारा कुठून येतोय ते बघितलं, आणि सोव्हिएत सरकार गप्प असताना चेर्नोबिलची बातमी पहिल्यांदा जगाला स्वीडनकडून कळली.

1979 साली मापांच्या जागतिक परिषदेने किरणांचा माणसावर होणारा परिणाम मोजायच्या एककाला सीव्हर्ट हे नाव दिलं. हे एकक फार मोठं आहे. निसर्गातून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट मिळतात, छातीच्या एका एक्स-रेचा डोस तर त्याच्याही कितीतरी खाली. म्हणून आपण ते नेहमी मिलि किंवा मायक्रो लावूनच वाचतो. अख्खा एक सीव्हर्ट एका दमात अंगावर घेतलेला माणूस आजारी पडतो. मावशीच्या कागदावर त्या नावाचा हजारावा भाग लिहायला रकाना असतो, आणि त्यात बहुधा शून्यच असतं.